देठासकट नारळ, आणि जहराच्या घरातली सनईवाली मुलगी

आधी एक दुरुस्ती. मागे जहराबद्दल लिहिताना मी म्हटलं होतं की, दादाच्या घरी बाळाच्या पाळण्याजवळ एका बर्मी भुताची बाहुली आहे, तिच्या हातात बासरी आहे आणि बाळांना रडवणाऱ्या त्या भुताला खूश ठेवायला तिच्यापुढे खाऊ ठेवतात. यातलं बाहुली आणि खाऊ एवढंच बरोबर होतं. ती भूत नाही. बर्मी लोक बुद्धाच्या जोडीने ज्या जुन्या देवतांना मानतात, त्यांना ते 'नात' म्हणतात. त्या बहुतेक एके काळी माणसं होत्या, आणि ही त्यांच्यातली एक लहान मुलगी आहे. तिच्या हातात बासरी नाही. आपल्या सनईसारखं, पसरट तोंडाचं वाद्य आहे. त्याला 'ह्ने' म्हणतात आणि तिला मा ह्नेले. आणि ती बाळांना रडवायला येत नाही, राखायला येते.

चौथीपर्यंत मी शाळेत गेले नाही. बाबा धरणांच्या कामावर असायचे, वसाहतीजवळ शाळा नसायची, म्हणून आई आणि थोरली काकू मला स्वयंपाकघरातच शिकवायच्या. चुकलेलं पान फाडायला आईची परवानगी नव्हती. चुकलेल्यावर रेघ मारायची, शेजारी बरोबर ते लिहायचं आणि मोठ्याने वाचून दाखवायचं. त्या सवयीने हे सगळं आधी लिहिलं. आता प्रवास.

जहराला जायचं ठरलं ते दादाच्या फोनमुळे. माझा दादा तेलकंपनीत इंजिनिअर आहे आणि त्याची बायको थिरी नर्स. वहिनी बर्माची. दोघांची ओळख सिंगापूरला झाली, संसार मात्र इथे आखातात, जहराला मांडला, कारण वहिनीची नोकरी तिथे आहे. बाळ दिवस भरायच्या बरंच आधी आलं आणि कितीतरी दिवस काचेच्या पेटीत होतं. आता घरी आलं आहे, पण इतकं लहान आहे की मी अजून त्याला उभ्याने घेतलेलं नाही. आधी बसते, मग मांडीवर द्या म्हणते. बाळंतपणासाठी वहिनीची आई, दॉ खिन, मंडालेजवळच्या गावाहून आल्या होत्या. 'दॉ' म्हणजे आपल्या 'काकू'सारखं, मोठ्या बाईच्या नावाआधी लावायचं. त्यांच्या व्हिसाची मुदत संपत आली होती आणि शनिवारी संध्याकाळचं विमान होतं.

"जाण्याआधी त्यांना मा ह्नेले थिरीकडे सोपवायची आहे," दादा म्हणाला. "त्यांच्या घरात ती आईकडून मुलीकडे येते. नाही सोपवली तर ती त्यांच्याबरोबर परत जाणार आणि बाळाजवळ कोणी राहणार नाही, असं त्यांचं म्हणणं. त्या दोन रात्री झोपलेल्या नाहीत, जुई. तू शुक्रवारी ये. आणि येताना एक नारळ आण. हिरवा, असोला, देठासकट."

"देठासकट का?"

"मला काय माहीत? ताजा असावा म्हणून असेल."

हे वाक्य लक्षात ठेवा. आम्ही दोघांनीही ते नको इतकं लक्षात ठेवलं.

शुक्रवार, महबूला ते अर्दिया

मी महबूलाला राहते. ज्यांना असाच प्रवास करायचा आहे त्यांच्यासाठी: महबूलाहून अर्दियाला थेट बस मला तरी मिळाली नाही. शहराकडे जाणारी बस घेतली, मध्ये उतरले आणि पुढे टॅक्सी केली. बस स्वस्त आहे, काही फिल्समध्ये काम होतं. टॅक्सीला मात्र बसण्याआधी भाव ठरवा. मी अडीच दिनारवर ठरवला आणि तरी वाटभर वाटत राहिलं की जास्त दिले. शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी सगळं बंद होतं, तेव्हा काय घ्यायचं ते सकाळीच घ्या. जानेवारी होता. मी दोन स्वेटर घातले होते आणि वाळवंटात थंडी पडते हे नाशिकच्या मैत्रिणींना पटवणं मी कधीच सोडून दिलं आहे.

अर्दियाच्या गोदामांमध्ये नारळाचा ठोक व्यापार करणारे एक चाचा आहेत, मूळचे दापोलीकडचे. ऑफिसातल्या एकीने नाव सांगितलं होतं. शटर अर्धं उघडं होतं. आत हिरव्या नारळांचा ढीग छतापर्यंत गेलेला, आणि त्याचा तो ओला, गोडसर, काथ्यासारखा वास. बाहेर डिझेल आणि धूळ, आत पाऊल टाकलं की कोकण. मी क्षणभर तशीच उभी राहिले.

"काय होवा गो बाय?" चाचांनी चष्मा कपाळावर चढवला.

"एक असोला नारळ. देठासकट."

"देठासकट? देठ कुणाला होवा? देठ आमी तिकडंच तोडतो. नायतर पोती फाटतात."

"देवीला द्यायचाय."

"कंची देवी?"

"बर्माची आहे, चाचा. माझी वहिनी तिकडची."

"बर्माची!" चाचा जोरात हसले. "माज्या आजीचा भाऊ गेलेला रंगूनला, बोटीवर. परत आलाच नाय. आजी म्हणायची, तिकडच्या बाया मंतर घालतात. तुज्या भावाला घातलान् काय?"

"दादा दोन वर्षं तिच्या मागे होता. मंतर घातला असेल तर तो पळून जावा म्हणूनच घातला असेल. लागू पडला नाही."

हे त्यांना एवढं आवडलं की ते स्वतः उठले. ढिगाच्या मागच्या बाजूला गेले, बराच वेळ दिसेनासे झाले आणि परत आले तेव्हा त्यांच्या हातात एक नारळ होता. वर बोटभर हिरवा देठ. "नशीबवान हायस. एकच व्हता. पोत्यात नाय, असाच सुटा आलेला." त्यांनी तो वर्तमानपत्रात गुंडाळला, जणू काचेचा आहे. अर्धा दिनार घेतला. शेजारच्या इराणी बेकरीतून गरम खुबूस, म्हणजे इथल्या रोट्या, घेतले. ते भिंतीच्या भट्टीतून काढून थेट हातात देतात, वर कागदही देत नाहीत. स्वतःची पिशवी न्या. मी नारळ एका बाजूला आणि खुबूस दुसऱ्या बाजूला धरून दादाच्या गाडीची वाट पाहिली.

जहरा

अर्दियाहून जहराकडे जाताना इमारती विरळ होतात, आणि मग एकदम आभाळ सुरू होतं. मागच्या आठवड्यात पाऊस झाला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाळूवर हिरवी लव आली होती, इतकी बारीक की गाडी थांबवून वाकून बघितल्याशिवाय विश्वास बसत नाही. आम्ही थांबवून वाकून बघितली. लांब मुतलाच्या टेकड्या, त्यांच्या पायथ्याशी हिवाळ्यात राहायला आलेल्या लोकांचे तंबू. गावातला मातीचा लाल किल्ला शुक्रवारी सकाळी बंद होता. बाहेरून फेरी मारता येते, आणि भिंत उन्हात खरंच लाल दिसते.

दादाच्या घरी दार उघडलं ते दॉ खिननी. लहानखुऱ्या, लुंगीवर दादाचा जुना स्वेटर, गालांवर पिवळसर चंदनासारखा लेप. त्यांनी आधी माझ्या हातातला कागद बघितला. उघडला. देठावरून अंगठा फिरवला, नारळ कानाजवळ नेऊन हलवला आणि मग मला दोन्ही हातांनी धरून आत नेलं. मला येते तेवढी हिंदी त्यांना येत नाही आणि त्यांना येतं तेवढं बर्मी मला. मध्ये वहिनी.

दुपारी मोहिंगा होता: माशाच्या दाट रश्शात तांदळाच्या शेवया, वर उकडलेलं अंडं आणि तळलेला कांदा. मासा इथल्या बाजारातला. दॉ खिन म्हणाल्या की, त्यात केळीच्या खांबाचा गाभा घालतात, इथे मिळाला नाही, तेव्हा हा मोहिंगा लंगडा आहे. लंगडा असूनही मी तीन वाट्या घेतल्या.

जेवताना मी विचारलं, ती मुलगी कोण होती. मला नीट लिहायचं होतं.

दॉ खिन बोलल्या, वहिनीने सांगितलं. आईला ती 'अमे' म्हणते. "अमे म्हणते, कोणी असं सांगतात, कोणी तसं. अमेला तिच्या आईने सांगितलं ते हे: लहान मुलगी होती. तिची आई गेली. मुलीला ते सोसलं नाही, तीही गेली. म्हणून ती मोठी झाली नाही. आणि म्हणून आई जवळ नसलेल्या बाळांपाशी ती आधी येते. झोपेत त्यांच्याशी खेळते, ह्ने वाजवते. बाळ झोपेत हसलं की आम्ही म्हणतो, ती आली आहे."

नेमका तेव्हाच नाशिकहून आईचा व्हिडिओ कॉल आला. माझा तो जुना मजकूर वाचल्यापासून आई दिवसाआड 'त्या भुताचं काय झालं' म्हणून विचारत होती. मी घाईघाईने सगळं सांगितलं. आई मेथी निवडत होती. तिचे हात थांबले.

"अगं, मग ही सटवाईच की," ती म्हणाली. "थिरी, तुझ्या आईला सांग, आमच्याकडे हे काम सटवाई करते. सहाव्या दिवशी येऊन कपाळावर लिहून जाते आणि नंतर हसवत, रडवत राहते. कानात म्हणते, तुझी आई गेली, तर बाळ रडतं. म्हणते, तुझा बाप गेला, तर हसतं."

"वा!" दादा म्हणाला. "छान."

दॉ खिनना हे सांगितल्यावर त्या इतक्या हसल्या की टेबलाला हात धरावा लागला. मग गंभीर होऊन त्यांनी काहीतरी विचारलं. वहिनी म्हणाली, "अमे विचारते, तुमच्या सटवाईची सहावी झाली होती का?"

आईने मेथीची जुडी बाजूला ठेवली. सहाव्या दिवशी बाळ काचेच्या पेटीत होतं. कोणीच काही केलं नव्हतं. आई म्हणाली, "नाही हो. राहूनच गेलं." दोघी आज्या एकमेकींकडे फोनच्या काचेतून बघत राहिल्या. फोन ठेवताना आई म्हणाली, "त्यांना म्हणावं, तुमची कोण आहे ती नीट सोपवा. आमच्याही बाजूने."

असोला नारळ सोलला गेला तो यानंतर.

दॉ खिन बाळाला अंघोळ घालायला गेल्या. टेबलावर ताट मांडलेलं होतं: हिरव्या केळ्यांचे तीन फणे, विड्याची पानं, उकडलेलं अंडं, छोटा लाकडी कंगवा, एक खुळखुळा. मधली जागा नारळासाठी मोकळी. नारळ बाजूला तसाच, हिरवा, बोजड, मातीचे डाग असलेला. मला राहवलं नाही. मदत न करता बसलं की माझा जीव वरखाली होतो.

"दादा, हा असाच ठेवायचा? सोलायला हवा ना?"

"अर्थात. असोला कोण ठेवतं देवापुढे?"

दादाने बाल्कनीत मोठी सुरी घेतली. मी पाणी घातलं, कचरा धरला, सूचना दिल्या. एका गोष्टीबद्दल आम्ही फार काळजी घेतली: शेंडी. शेंडी उडाली की नारळ पूजेला चालत नाही हे आम्हाला कोणी सांगावं लागत नाही. दादाने घाम पुसत पुसत काथ्या काढला, देठ काढला, तीन डोळे झाकणारी शेंडी जशीच्या तशी राखली, आणि मी नारळ धुऊन, पुसून, हळद-कुंकवाची बोटं ओढून ताटाच्या मधोमध ठेवला. सुंदर दिसत होता. दादाने फोटोही काढला.

दॉ खिन बाळाला पंच्यात गुंडाळून आल्या आणि थांबल्या.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी बाळ वहिनीकडे दिलं, नारळ उचलला, जिथे देठ होता तिथे बोट ठेवलं आणि वहिनीकडे बघितलं. वहिनीचा चेहरा उतरला.

"काय झालं?" दादा म्हणाला. "शेंडी ठेवलीय आम्ही."

"नारळ जसा झाडावरून आला तसाच द्यायचा," वहिनी हळूच म्हणाली. "देठासकट. सोलायचा नाही, फोडायचा नाही. आपला हात त्याच्यात लागला की तो आपण खायचा, तिला द्यायचा नाही."

मला जमिनीत जावंसं वाटलं. चाचा म्हणाले होते, एकच होता. मी तिथल्या तिथे त्यांना फोन लावला. हकीकत ऐकून ते आधी हसले, मग म्हणाले, "रडू नको. सकाळी नवा माल उतरतोय. फजरचा नमाज झाला की ये. त्यात असला तर देतो."

दॉ खिननी माझ्या डोक्यावर हात ठेवला, कपाटातून कोयता मागून घेतला आणि तो नारळ स्वतः फोडला. संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी त्याचं खोबरं गुळाशी खाल्लं. गोड होता.

शनिवार

सकाळी दॉ खिन म्हणाल्या, मी स्वतः येते. त्यांनी रेशमी लुंगी नेसली, केसांत वहिनीच्या कुंडीतलं एक जास्वंदीचं फूल खोवलं. उजाडत होतं. जहराहून अर्दियाकडे येताना मागे मुतलाच्या टेकड्या गुलाबी झाल्या होत्या, आणि दॉ खिन वळून वळून तिकडे बघत होत्या.

गोदामाच्या दाराशी त्यांनी चपला काढल्या. चाचा "अवो, पायात टोचंल" म्हणाले, पण त्या आत गेल्या होत्या. पहाटे उतरलेला माल अजून ओला होता. थंड हवेत ढिगातून वाफेसारखं धुकं निघत होतं, आणि वरच्या एकुलत्या दिव्याचा उजेड त्यात अडकला होता. त्या हिरव्या डोंगरापुढे त्यांनी हात जोडले. नारळ होते, फक्त नारळ. पण मी याआधी कोणाला माल म्हणून आलेल्या गोष्टीपुढे असं उभं राहिलेलं बघितलं नव्हतं, आणि माझेही हात कधी जुळले ते मला कळलं नाही. चाचांनीही टोपी नीट केली.

मग त्या बसल्या आणि एकेक नारळ उचलू लागल्या. चाचाही समोर बसले. दोघांची भाषा एक नाही. त्या कानाजवळ हलवायच्या, चाचा बोटाने टिचकी मारायचे, त्या मान हलवायच्या, चाचा "ह्यो पन नाय?" म्हणायचे. मी आणि दादा बघितलेले बाजूला रचत होतो. सगळ्यांचे देठ साफ छाटलेले. एक सापडला, देठवाला, पण सालीला लांब चीर गेलेली. त्यांनी तो बराच वेळ मांडीवर ठेवला. दादा म्हणाला, "चालेल ना? कोण बघतंय?" मी भाषांतर केलं नाही, करता येतही नव्हतं, पण त्यांना कळलं. त्यांनी चिरेवर बोट फिरवलं, जणू ती कोणाला लागली आहे, आणि नारळ परत ठेवला.

"मंगळवारी रात्री पुढला माल येतोय," चाचा म्हणाले. "मी तिकडं फोन करून सांगतो, चार नारळांचे देठ ठेवा, वेगळं बांधा. पन आज नाय, बाय. आज असता तर माज्या घरातला दिला असता."

मंगळवारी दॉ खिन मंडालेला असणार होत्या.

परतताना गाडीत मला वाटलं, आता त्या बाहुली पिशवीत घालतील आणि घेऊन जातील. घरी आल्यावर त्यांनी पिशवी उघडलीही. पण आतून आपली दुसरी रेशमी लुंगी काढली, घडी केली आणि पाळण्याजवळची बाहुली तिच्यावर उभी केली. लाकडाची, वीतभर, रंग उडालेली. डोक्यावर बुचडा, ओठांशी ती सनई. तिच्यापुढे अंडं, कंगवा, खुळखुळा. नारळाची जागा मोकळी. घराचं दार लावलं होतं, पडदे ओढले होते. खोलीत हीटरचा आवाज तेवढा.

त्या तिच्याशी बोलू लागल्या. पूजेचा सूर नव्हता तो. शेजारच्या मुलीला थोडा वेळ बसायला सांगतात तसा. वहिनी मला कानात सांगत होती: "म्हणते, मी जाते आहे. तुला अजून सोपवलेलं नाही. तोवर तू इथे पाहुणी. पाहुणीने रागवायचं नाही, कंटाळायचं नाही. ही फ्यूफ्यू. ही तुझ्यापेक्षा लहान आहे." बाळाला त्या फ्यूफ्यू म्हणतात, गुरुवारी जन्मली म्हणून; त्यांच्याकडे जन्मवारावरून नावाचं अक्षर ठरतं.

मग त्यांनी तोंड मिटलं आणि नाकातून एक सूर काढला, लांब, चिरका, सनईसारखाच. तो एका म्हाताऱ्या बाईच्या गळ्यातून येत होता आणि लहान मुलीचा वाटत होता.

वहिनीच्या मांडीवर बाळ झोपलं होतं. ते हसलं. हसू नव्हे, आवाज. छोटा, खुदकन. घरी आल्यापासून, जन्मल्यापासून पहिल्यांदा.

दादाच्या हातात गाडीची किल्ली होती, ती तशीच राहिली. आजपर्यंत मी मोठमोठी मंदिरं पाहिली आहेत, समुद्र पाहिला आहे, वाळवंटातलं चांदणं पाहिलं आहे. त्या खोलीत आमच्याशिवाय कोणीतरी आहे, आणि ते आमच्याकडे नाही, फक्त बाळाकडे बघतं आहे, असं मला इतक्या साधेपणाने कुठेच वाटलं नव्हतं. भीती वाटली नाही. याची मी स्वतःच नोंद घेते, कारण मला भीती वाटत नाही असं फारसं काही नसतं.

"रिफ्लेक्स आहे," वहिनी म्हणाली. "मी वॉर्डमध्ये रोज आयांना सांगते. झोपेतलं हसू, रिफ्लेक्स." तिचे डोळे भरले होते आणि एक हात बाळाच्या पाठीवर, दुसरा कपाळाशी होता.

दॉ खिन वळल्या आणि माझ्याकडे बोट करून बोलल्या.

"अमे म्हणते, नारळ आला की तू दे," वहिनी म्हणाली.

"मी? तू आहेस ना! तुला भाषा येते."

"मी घेणारी. देणारी आणि घेणारी एकच असून चालत नाही. आमच्या घरी देणारी आई असते. ती नसली तर बाळाच्या बापाची बहीण."

"पण मला शब्द येत नाहीत. एक शब्द चुकला तर?"

वहिनीने विचारलं. दॉ खिननी खांदे उडवले. "म्हणते, ती लहान मुलगी आहे. चुकलीस तर हसेल."

विमानतळावर वहिनी आली नाही. बाळाला त्या गर्दीत न्यायचं नव्हतं. दारात मायलेकी कशा वेगळ्या झाल्या ते मी लिहीत नाही. दादा गाडी चालवत होता, मी आणि दॉ खिन मागे बसलो होतो, आणि जहरा ते विमानतळ त्या मला शब्द शिकवत गेल्या. अर्थ वहिनीने आधीच समजावला होता: ही घे, हिला सांभाळ, हीही तुला सांभाळेल. आता फक्त आवाज. एक ओळ त्या म्हणायच्या, मी म्हणायची. चुकलं की त्या माझ्या गुडघ्यावर टपली मारायच्या आणि पुन्हा. काकू मला अशीच पाढे शिकवायची, न लिहिता, पोळ्या लाटता लाटता. मला वाटलं होतं, कानाने शिकायचं वय गेलं.

दादा आरशातून बघत म्हणाला, "आता माझेपण पाठ झाले."

"तू नारळाला हात लावू नकोस," मी म्हणाले.

आत जाण्याआधी दॉ खिननी माझ्याकडून सगळं एकदा सलग म्हणवून घेतलं, सामानाच्या गाड्यांच्या मधोमध उभं करून. एका ठिकाणी अडखळले. टपली बसली नाही. त्या हसल्या, गालाला गाल लावला आणि वळून न बघता आत गेल्या.

महबूला

घरी आले तेव्हा अंगाला काथ्याचा वास येत होता. खर्च विचाराल तर दोन दिवसांत दहा दिनारच्या आत, त्यातले निम्मे टॅक्सीचे. पाहण्यासारखं: लाल किल्ला, पावसानंतरची लव, अर्दियाचं गोदाम, मात्र तिथे काम असेल तरच जा.

काय राहिलं माझ्याजवळ, याचा विचार करत बसले. ती आहे की नाही, हे मी ठरवू शकत नाही आणि ठरवायला मला कोणी सांगितलेलंही नाही. मला एवढंच सांगितलं आहे की जहराच्या एका घरात एक लहान मुलगी पाहुणी म्हणून थांबली आहे, आणि तिला घरची करायचं काम माझं आहे. काल वहिनीचा मेसेज आला: आई मंडालेला पोचली, बाळ चार तास सलग झोपलं, बाहुली खिडकीपाशी ठेवली आहे, तिला बाहेर बघायला बरं. मी आंघोळ करताना, भांडी घासताना त्या ओळी म्हणते. तिसऱ्या ओळीत अजून अडखळते.

चाचांचा फोन झाला आहे. चार नारळ देठासकट बांधून निघाले आहेत. मी ऑफिसात रजा टाकली आहे. फजरनंतर शटर उघडलं की अर्दियाला पोचायचं, एक निवडायचा, चीर बघायची, कुठलाही भाग न काढता जहराला न्यायचा आणि वहिनीच्या समोर बसून मोठ्याने म्हणायचं. उद्या, बुधवारी सकाळी.